सरकारी डोळ्याने आखलेली शीव

करंजवाडीचे पाटील सुंदरराव हैदराबादेहून डोळा नीट करून आले, तेव्हा गावाने त्यांचं रडून स्वागत केलं. यात गावाचा दोष नव्हता. परळीपर्यंत रेल्वे होती, पण पुढे बैलगाडी, आणि बैलगाडीचे हिसके डॉक्टरने मना केले होते. म्हणून पाटलांना बाजेवर उताणं निजवलं, डोळ्यावर ऊन नको म्हणून तोंडावर धोतर टाकलं आणि चार गडी खांद्यावर बाज घेऊन निघाले. सिरसाळ्याच्या बाजारातून ही मिरवणूक गेली तेव्हा दुकानदारांनी उठून हात जोडले. करंजवाडीच्या वेशीत कडूबाईने पहिला हंबरडा फोडला. कडूबाईचं रडणं पंचक्रोशीत नाणावलेलं होतं. ती रडली की कोणी खात्री करत बसत नसे. कोण गेलं एवढंच विचारत.

सुंदरराव मान न हलवता धोतराखालून म्हणाले, "कडूबाई, जिता हाय मी."

यावर रडणं थांबायला हवं होतं. ते वाढलं, आणि वेशीतले दोघे चप्पल सोडून पळाले.

सुंदररावांना डावा डोळा नव्हताच. तो लहानपणी देवीने नेला. उरलेल्या उजव्यावर त्यांनी पाटीलकी, शेती आणि संसार असा तिहेरी कारभार पन्नाशीपर्यंत रेटला होता. निजामाच्या फसली सन तेराशे चव्वेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौतीसच्या दिवाळीनंतर त्या डोळ्यात आधी काळी चिलटं उडायला लागली, मग कोपऱ्यात वीज चमकायला लागली, आणि एका सकाळी खालून काळा पडदा चढत चढत नाकापर्यंतचं जग गिळून बसला. गावाने आपल्या परीने दूध, मध आणि शेवग्याचा रस त्यात घालून पाहिला. पडदा उतरेना, तेव्हा पाटलीण केशरबाईंचा भाऊ, जो हैदराबादेत एका कचेरीत कारकून होता, तो येऊन मेहुण्याला घेऊन गेला.

तिथले मोठे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. त्यांनी सांगितलं, भिंतीचा गिलावा सुटावा तसा डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, मागून बारीक डाग देऊन चिकटवावा लागेल. बैलाला डाग देतात हे सुंदररावांना माहीत होतं, बैलाला विचारून देत नाहीत हेही माहीत होतं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्याची ती शेवटची वेळ. त्यानंतर चार आठवडे डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यावर पट्टी आणि पाठीखाली गादी. निघताना डॉक्टरने हात धरून बजावलं, "पाटील, झुकना नक्को, बोझा उठाना नक्को, छींकना नक्को, ग़ुस्सा नक्को." शेवटचं कलम पाटलाला फार जाचक होतं. चौथं मोडलं तर पाटीलकी चालते, पाळलं तर कशी चालायची?

सोबत एक चष्मा दिला होता. काच म्हणून काही नाही, काळा पत्रा, आणि मधोमध मोहरीएवढं भोक. डोळा इकडेतिकडे भिरभिरू नये म्हणून त्या भोकातून समोर दिसेल तेवढंच पाहायचं.

आता त्या भोकातून काय दिसत होतं, ते सुंदररावांनी कोणाला सांगितलं नाही. घराची चौकट मधोमध उजवीकडे पोट काढून उभी होती. तुळईला बाक आला होता. दिव्याभोवती कडी होती, भाकरीवर माश्या होत्या आणि हाकलल्या तरी हलत नव्हत्या, कारण त्या भाकरीवर नव्हत्याच. उजव्या कोपऱ्यात अधूनमधून वीज चमके, पाऊस मात्र पडत नसे. आणि सगळं जग जरा लहान झालं होतं. केशरबाई चांगल्या भरल्या अंगाच्या, पण पहिल्याच दिवशी सुंदरराव त्यांना म्हणाले, "अगं, लई वाळलीस की तू."

केशरबाई म्हणाल्या, "हैदराबादेत कुणाकुणाला पाहून आलात, म्हनून मी वाळलेली दिसायलेय?"

मग मात्र त्यांना सगळं सांगावं लागलं. डॉक्टरने हेही सांगितलं होतं, की तीन-चार महिन्यांत हळूहळू सरळ दिसायला लागेल, थोडं राहिलं तर राहिलं. केशरबाईंनी ऐकून घेतलं आणि दाराला आतून कडी लावली. कारण राधाकिशन ओसरीवर येऊन बसला होता.

राधाकिशन हा सुंदररावांचा चुलतभाऊ. पाटील हैदराबादेत असताना तहसिलीने त्याला गुमास्ता, म्हणजे बदली पाटील, नेमलं होतं. दोन महिने पाटलाची काठी हातात धरून त्याचा हात त्या काठीच्या आकाराचा झाला होता. तहसिलीचा हुकूम स्पष्ट होता: सुंदररावांची नजर कामापुरती नीट असेल तर पाटीलकी त्यांची, नसेल तर गुमास्ता कायम. तेव्हा राधाकिशन रोज येई, "दादा, कसं दिसतंय?" असं मायेने विचारी, आणि उत्तर येईपर्यंत बोटं वर करून किती ते विचारी. सुंदरराव बोटं बरोबर सांगत. ती वाकडी दिसत, पण मोजायला वाकडेपणा आड येत नाही.

इथवर गोष्ट घरातच राहिली असती. पण गावाने स्वतःची एक समजूत करून घेतली. सरकारी दवाखान्यात, सरकारी खर्चाने दुरुस्त झालेला डोळा हा सरकारी डोळा. स्टॅम्पच्या कागदावर लिहिलेलं जसं खोटं नसतं, तसं या डोळ्याने पाहिलेलं खोटं नसायचं. चष्म्याला भोक एवढंसंच का, याचंही उत्तर गावाकडे होतं: फालतू गोष्टी दिसूच नयेत म्हणून.

पहिला दाखला कडूबाईच्या भिंतीने दिला. तिच्या अंगणावरून जाताना सुंदररावांच्या तोंडून सहज निघून गेलं, की भिंत वाकडी हाय. त्यांना त्या दिवशी सगळ्याच भिंती वाकड्या दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी शहादेवच्या म्हशीने त्या भिंतीला अंग घासलं आणि भिंत म्हशीसकट उकिरड्यावर गेली. झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक रांग लावून आपापल्या वस्तू दाखवायला आणू लागले. कोणी नांगराचा दांडा, कोणी उखळ, एकाने तर थोरला जावई. सुंदरराव भोकातून बघत आणि वाकडं हाय म्हणत. करंजवाडीत चार गोष्टींतल्या तीन खरोखरच वाकड्या असल्यामुळे अंदाज फारसा चुकत नसे.

ही कीर्ती ओढ्यापलीकडच्या खडकीत पोचली आणि घोटाळा झाला.

करंजवाडी खालशाची, म्हणजे थेट सरकारची, आणि खडकी जहागिरीतली. दोहोंच्या मधली शीव एका पुरात वाहून गेली होती, म्हणजे शिवेचे दगड गेले होते. उत्तरेला शिवेचा मारुती आणि दक्षिणेला एक पांढरा खडक, एवढ्या दोनच खुणा उरल्या. मधल्या पट्ट्यात मुरूम होता आणि अकरा बाभळी होत्या. त्या मुरमात कुसळही उगवत नसे, त्यामुळे भांडायला पीक आडवं येत नव्हतं आणि तंटा अकरा वर्षं निर्वेधपणे चालला होता. त्याच्या कागदांची चळत इतकी फुगली होती, की तहसिलीत ती ठेवायला वेगळी फळी मारावी लागली. शेवटी तहसीलदार वैतागले. त्यांनी हुकूम दिला, की दोन्ही गावांनी आपल्या जुन्या रिवाजाने तंटा मिटवावा, त्यांचा पेशकार, म्हणजे कचेरीचा कारकून, हजर राहून लिहून घेईल.

रिवाज असा होता: दोन्ही गावांना मान्य असलेल्या एका माणसाने काळ्या आईला स्मरून डोक्यावर माती घ्यायची, खांद्यावर घोंगडी घ्यायची आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चालायचं. तो चालेल ती शीव. चालताना त्याला कोणी अडवायचं नाही, हाक मारायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. मग पंधरा दिवस वाट बघायची. तेवढ्यात त्या माणसाला आजार, अपघात, काही अपाय झाला नाही, तर तो खरा चालला. झाला, तर खोटा, आणि शीव रद्द.

खडकीचे पाटील गहिनीनाथ म्हणाले, सरकारी डोळा चालणार असेल तर आमची हरकत न्हाई. करंजवाडीच्या चावडीत राधाकिशनने उभं राहून आपल्या दादाच्या नजरेची तारीफ केली आणि पेशकारासमोर लिहूनही दिलं, की सुंदरराव डोळ्याने धडधाकट असून शीव चालायला लायक आहेत. त्याचा हिशेब सोपा होता. नाही म्हणाले तर आंधळे ठरतात, हो म्हणाले तर मारुतीच्या ओट्यावरून घसरून पडतात.

सुंदरराव हो म्हणाले.

मग त्यांनी परसात दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये दोरी ताणली. दोरी सरळ होती, केशरबाईंनी तशी शपथ घेतली. भोकातून मात्र दोरीला उजवीकडे हातभर पोट आलेलं. सुंदरराव त्या दोरीच्या कडेने आठ दिवस चालले. दिसतं त्याच्यापेक्षा किती डावीकडे धरलं की पाय दोरीवर पडतो, हे त्यांनी पाठ केलं. शेवटच्या दिवशी ते दोरीवरून मुंगीसारखे गेले. मग पायाला फोड आला म्हणून पुढचे बारा दिवस सराव बंद ठेवला. पाठ झालेलं कशाला घोकायचं?

चालण्याच्या दिवशी दोन्ही गावं दोन्ही अंगाला उभी होती. डोक्यावर मातीची पाटी म्हणताच केशरबाई पुढे आल्या आणि डॉक्टरने ओझं मना केलंय असं पेशकारांना सांगितलं. मोठी चर्चा झाली. डोक्यावर माती हवी हे सगळ्यांना माहीत होतं, किती हवी हे कोणाच्याच आज्याने सांगितलं नव्हतं. अखेर चिमूटभर माती पागोट्याच्या घडीत ठेवली गेली आणि पेशकाराने लिहिलं, "माती घेतली."

सुंदरराव मारुतीला पाठ करून दक्षिणेकडे निघाले. डाव्या हाताला करंजवाडी, उजव्या हाताला खडकी. भोकात पांढरा खडक होता. सुरुवातीला पाय जपून पडत होते, पण शंभर पावलांवर त्यांना स्वतःचा हुन्नर आठवला आणि त्यांनी दोरीचं गणित लावलं. उजवीकडचं पोट वजा, डावीकडे धरा. उजव्या कोपऱ्यात वीज चमके तसं अंग आणखी जरा डावीकडे सरके. ते मनात खूश होते. असं झोकात चालणं त्यांना चार महिन्यांत जमलं नव्हतं.

त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट एवढीच, की डॉक्टर खरं बोलला होता. त्या बारा दिवसांत डोळा बराच सरळ झाला होता. पोट जवळजवळ गेलं होतं, आणि ते आपले पोट वजा करत निघाले होते.

खडकीच्या लोकांना काही पावलं काय चाललंय ते कळेना. मग कळलं, आणि त्यांनी श्वास रोखला. पाटील स्वतःच्या गावाच्या मुरमात घुसत होते. पहिली बाभूळ उजवीकडे टाकली, म्हणजे खडकीला दिली. मग दुसरी, तिसरी. करंजवाडीकरांच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या, पण बोलायचं नव्हतं, खोकायचंही नव्हतं. आसाराम गुरवाने तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. राधाकिशनच्या तोंडावर ऊन-सावली खेळत होती: दादा आंधळा ठरत होता आणि गाव बुडत होतं. अकराच्या अकरा बाभळी पलीकडे गेल्यावर सुंदरराव ऐटीत वळले आणि पांढऱ्या खडकाला हात लावून उभे राहिले.

"सरळ आलो ना?" त्यांनी विचारलं.

गहिनीनाथांनी कोणाला तोंड उघडू दिलं नाही. "दोरी लावल्यावानी," ते म्हणाले.

घरी आल्यावर केशरबाईंनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा सुंदरराव बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. भिंत सरळ दिसत होती की नाही, हे बघायचंही त्यांना सुचलं नाही. गावाला तोंड काय दाखवणार? राधाकिशनला मात्र चालणं खोटं म्हणता येत नव्हतं. धडधाकट नजरेचा कागद त्याच्याच सहीचा होता. उरला एकच मार्ग. पंधरा दिवसांत दादाला काहीतरी अपाय झाला पाहिजे. पडदा पुन्हा सुटला, की शीव रद्द, अकरा बाभळी परत, पाटीलकी आपली. गावाचं हित आणि स्वतःचं हित इतकं एका जागी आलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टरने काय काय मना केलंय हे साऱ्या गावाला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अंगणात कोणीतरी सुक्या मिरच्या कुटायला काढल्या. दुपारी एक भला माणूस तपकिरीची डबी भेट देऊन गेला. तिसऱ्या दिवशी राधाकिशनने वडवणीच्या बाजाराला जाऊ म्हणून दारात बैलगाडी आणून उभी केली, बैलही असे निवडलेले, की ज्यांना रस्ता माहीत नव्हता. संध्याकाळी शहादेवने ओसरीसमोर उभं राहून पाटलांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचं पाटलांशी काही वाकडं नव्हतं. तो आधी पाया पडला, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा पाया पडून गेला.

चौथ्या दिवशी ओढा ओलांडून खडकीचे गहिनीनाथ आले. त्यांच्याबरोबर काठ्या घेतलेले दोन गडी होते, तुपाचं गाडगं होतं आणि सावरीच्या कापसाची गादी होती. अकरा वर्षं ज्याच्या घराकडे बघून थुंकायचे, त्याच्या ओसरीवर ते बसले आणि म्हणाले, आता पाटलांच्या जिवाला आमी जबाबदार. गड्यांनी मिरच्या कुटणाऱ्यांना उठवलं. तपकीर जप्त झाली. गाडीला उलट्या दिशेने हाकलण्यात आलं. गहिनीनाथ स्वतः सुंदररावांच्या उशाशी बसून मान सरळ आहे ना ते बघू लागले. केशरबाई दोन्ही वेळा त्यांना जेवू घालत.

यावर गावातल्या बाया विचारायला आल्या. रतनबाईने तोंडावर विचारलं, "पाटलीनबाई, गावाच्या वैऱ्याला कावून तूप-पोळी वाढायलात?"

केशरबाई पोळी लाटत म्हणाल्या, "गावाला बाभळी पायजेत. मला डोळा पायजे. माझ्याकडं एकच हाय."

सुंदररावांनी हे आतून ऐकलं. खरं म्हणायचं तर त्यांना दोन्ही हवं होतं. गाव त्यांच्याकडे बघेना. ज्या कडूबाईने त्यांच्यासाठी पहिला हंबरडा फोडला, तीही आता वाटेत तोंड फिरवी. एक शिंक, आणि सगळं परत जागेवर. बाभळी, गाव, मान. फक्त काळा पडदा पुन्हा खालून चढत वर येईल, आणि या वेळी नाकाशी थांबणार नाही. रोज उताणं पडून ते हाच विचार करत आणि तुळईकडे बघत.

तेराव्या दिवशी शिंक आली. कोणी मिरची जाळली नव्हती, तपकीर नव्हती. शिमगा जवळ आलेला, हवेत धूळ होती, एवढंच. नाकाच्या शेंड्याशी ती आली आणि तिथे बसली. सुंदररावांचं तोंड उघडलं. ओसरीवर राधाकिशन बसला होता, तो हळूच उठून उभा राहिला. सुंदररावांना त्या क्षणी वाटलं, होऊ द्यावं. आपण केलेलं आपल्याच नाकाने फिटेल. त्यांनी डोळा मिटला नाही, कारण मिटला तर शेवटचं काय पाहिलं ते आठवणार नाही. समोर केशरबाई होत्या, हातात परात, पदर खोचलेला. आणि त्या वाळलेल्या दिसत नव्हत्या.

त्यांनी हात वर नेला, पण त्याआधीच गहिनीनाथांचा रांगडा अंगठा त्यांच्या वरच्या ओठावर दाबून बसला होता.

"गिळा, पाटील," गहिनीनाथ म्हणाले. "तशीच गिळा."

सुंदररावांनी गिळली. राधाकिशन खाली बसला आणि उगाच आपलंच नाक पुसू लागला.

पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी पेशकार आला. त्याने लिहिलं, की पाटील सुखरूप आहेत, सबब शीव खरी, आणि शीव खरी ती नजरेच्या जोरावर, सबब नजर कामापुरती नीट. गुमास्त्याची मुदत त्याच कागदाच्या तळाशी संपली. राधाकिशनने काठी आणून दिली. दादाच्या पाया पडताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं, ते काठीसाठी होतं.

मग सगळे शिवेवर दगड रोवायला गेले. डॉक्टरने सांगितलेला चष्म्याचा काळही त्याच आठवड्यात पुरा होत होता. सुंदररावांनी मारुतीच्या ओट्याजवळ उभं राहून पत्र्याचा चष्मा काढला आणि पहिल्यांदा उघड्या डोळ्याने आपण चाललो ती रेघ पाहिली. गड्यांनी तिच्यावर चुना टाकला होता. रेघ मारुतीपासून निघून शंभर पावलं शहाण्यासारखी गेली होती. पुढे ती करंजवाडीच्या मुरमात पोट काढून शिरली होती, ढेकर देऊन पांढऱ्या खडकाशी परत आली होती.

सुंदररावांनी ओट्याची कड पाहिली. सरळ. पेशकाराची काठी पाहिली. सरळ. परत रेघ पाहिली.

"गहिनीनाथराव," ते म्हणाले, "ही शीव वाकडी हाय."

करंजवाडीकरांनी माना वर केल्या. पेशकाराने दौतीत बुडवलेला टाक तसाच धरला.

गहिनीनाथांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं. "असंल," ते म्हणाले. "पर पंधरा दिवस झाले. आता तुमच्या डोळ्याला काय बी दिसू द्या. तूप मातर आमचं होतं, इसरू नका."

पेशकाराने टाक झटकला आणि पहिल्या दगडाची जागा दाखवली. आसाराम गुरवाने पहार घातली. गावकरी पाटलांकडे बघत होते, पाटील भडकतील अशा अपेक्षेने. पण सुंदररावांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते पलीकडच्या बाभळी मोजत होते. एकेक बुंधा, एकेक फांदी, काट्यावर अडकलेलं मेंढीच्या लोकरीचं फुलसुद्धा स्वच्छ दिसत होतं. अकरा भरल्या. त्यातली एकही आता त्यांच्या गावाची नव्हती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.